पांगलेले वाचक आणि माझा ब्लॉग

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळींवर पुस्तक करायचं मनात आलं तेव्हा लिहिण्याची भीती वाटली नाही. प्रश्न वेगळाच होता. हे वाचणारी माणसं आता राहतात कुठे? डिलाईल रोडच्या ज्या चाळीत माझ्या आईने खाणावळ चालवली, तिथले फार थोडे जण तिथे उरलेत. कोणी दिव्याला, कोणी बदलापूरला, कोणी नालासोपाऱ्याला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले आणि पुढे गिरण्याच राहिल्या नाहीत. कितीतरी जण तेव्हा गावी गेले ते खेड, संगमेश्वर, पाटणकडेच रुजले. त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक दादरच्या दुकानात कितीही दर्शनी ठेवलं तरी त्यांच्या हाती लागणार कसं?

म्हणून आधी ब्लॉग काढला आणि पुस्तक मागे ठेवलं.

हल्ली नव्याने लिहिणारी मुलं भेटली की विचारतात, "ताई, फॉलोअर वाढवायचे कसे? प्रकाशक पहिलं तेच विचारतात." विचारतात हे खरं आहे. मलाही एका प्रकाशकाने हस्तलिखित बघायच्या आधी फेसबुकवर किती माणसं जोडलेली आहेत ते विचारलं होतं. मला त्यात गैर वाटलं नाही, त्यांचे पैसे अडकतात. पण लिहिणाऱ्याने सुरुवात तिथून करू नये, असं माझं ठाम मत आहे. आपला विषय नेमका कोणाच्या जिव्हाळ्याचा आहे ते आधी ठरवावं. "मी ललित लिहिते" एवढ्यावर कोणी शोधत येत नाही. "माझी आई डिलाईल रोडला खाणावळ चालवायची" म्हटल्यावर येतात.

माझ्याकडे माणसं आली ती खाड्याच्या वहीमुळे. आईची लांबोडकी, लाल कापडी बांधणीची वही अजून घरात आहे. डावीकडे मेंबरांची, म्हणजे आमच्याकडे जेवणाऱ्या कामगारांची नावं, पुढे महिन्याचे दिवस आखलेले. जेवला त्या दिवशी उभी रेघ, खाडा असेल तिथे फुली. रात्रपाळीवाल्याच्या नावापुढे बारीक 'रा', म्हणजे त्याचं ताट कधी वाढायचं ते कळावं. मी त्यातल्या एका पानाचा फोटो काढला. नावांवर कागदाची पट्टी ठेवली, कारण त्या माणसांना किंवा त्यांच्या मुलांना मी विचारलेलं नव्हतं. पण नावं झाकली तरी माणसं ओळखता येत होती. काहींच्या पुढे गणपतीत ओळीने फुल्या, काहींच्या पुढे तेव्हा रेघाच रेघा. गणपतीला गेलेले कोकणातले. घाटावरचे मेंबर चैत्रात गावच्या जत्रेला जायचे, त्यांच्या फुल्या चैत्राच्या पानावर. एवढंच मी लिहिलं, दीड-दोन पानांत, आणि चाळीचं व रस्त्याचं नाव पहिल्याच ओळीत टाकलं.

त्या पोस्टखाली कुडाळच्या एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या वडिलांच्या खाणावळीत खाडा आदल्या रात्री सांगावा लागे, सकाळी सांगितलेला धरत नसत. कल्याणच्या एका बाईंनी आठवड्याचा बेतच लिहून काढला, बुधवारच्या सुकट-बटाट्यासकट. एका मुलीने आपल्या आजीचा व्हॉइस मेसेज पाठवला. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरच्या आणून मसाला कसा कुटून घेत, मटणाच्या फोडी मोजून कशा वाढत, हे आजी मालवणीत सांगत होत्या, मधेच नातीवर ओरडत होत्या. मी तो शब्द न शब्द उतरवला, त्यांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी दोन जागी दुरुस्त केला आणि मग टाकला. पुस्तकाचं मसाल्याचं प्रकरण तिथून उभं राहिलं.

१९७५ साली कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज मिळू लागलं तशी सावकाराच्या व्याजातून सुटायची वाट दिसली. हे मी छापील वाचलेलं होतं. त्या मंडळात राहिलेल्या बायकांच्या लेकी मात्र मला ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांत भेटल्या. ग्रंथालयात बसून मला त्या सापडल्या नसत्या.

आता ब्लॉगच का, नुसतं फेसबुक का नाही? ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी मुलांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले, आणि त्यांच्याशी बोलायला दुसरी जागाच नव्हती. फेसबुकवर मी भरपूर लिहिते, पण तिथली दोन वर्षांपूर्वीची पोस्ट मला स्वतःला शोधून सापडत नाही. खाड्याच्या वहीची पोस्ट अजूनही गूगलवरून कोणी ना कोणी उघडतं. ब्लॉगही कायमचा नाही, म्हणून त्याचा सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोय असते ती वापरते आणि फाईल दोन ठिकाणी ठेवते.

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिलं की पोस्टचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा काहीतरी तयार होतो. वर्डप्रेसवर पत्ता देवनागरीतच राहतो, पण तो व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते आणि लोक घाबरून उघडत नाहीत. प्रकाशित करायच्या आधी पत्त्याचा रकाना स्वतः भरावा, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत: girangaon-khanaval-khada. शिवाय आपले बरेच वाचक मराठी शब्द रोमनमध्येच टाइप करून शोधतात, त्यांनाही त्याचा उपयोग होतो. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं काही असेल तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या देवनागरीत, आणल्याशिवाय चढवू नये, शोधणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

फेसबुकवर मी गावांच्या आणि जुन्या चाळींच्या ग्रुपमध्ये जाते. तिथे नुसती लिंक टाकून पळायचं नाही, हा माझा नियम. माझ्या अनुभवात नुसती लिंक फारशी कोणाला दिसतही नाही. मी एक पूर्ण प्रसंग तिथेच लिहिते आणि लिंक पहिल्या प्रतिक्रियेत देते. 'आणखी पाहा'च्या वर दोन-तीनच ओळी दिसतात, तेवढ्यात गिरणीचं किंवा गल्लीचं नाव आलं पाहिजे. आपल्या गल्लीचं नाव दिसलं की बोट थांबतं. लोक लिहायला लागले की उत्तर द्यायचं, प्रत्येकाला, नावाने. ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीहून स्लो लोकलला बसायला मिळालं की माझा तो वेळ प्रतिक्रियांचा. यात दमछाक होते, पण यातलं काही सोडावं असं मला वाटत नाही.

इन्स्टाग्रामवर मजकुरातली लिंक दाबता येत नाही, ती प्रोफाइलवर ठेवावी लागते, आणि मजकूरही २,२०० अक्षरांत बसवावा लागतो. तरी मी तिथे आहे, कारण नातवंडं तिथे आहेत, आणि पाटा-वरवंट्याचा फोटो ती आजीला दाखवतात. रील्स मी करत नाही. पोस्ट जास्त जणांना दिसावी म्हणून पैसे भरले नाहीत. विकतचे फॉलोअर तर कोणी घेऊच नयेत, त्यातला एकही माणूस उद्या पुस्तक मागायला येणार नाही.

व्हॉट्सॲपचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपला पन्नाशी-साठीचा वाचक तिथेच आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांनाच घेता येतं आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे ती यादी मी जपून केली. कोणी स्वतःहून "मला पाठवत जा" म्हटलं की मी आधी त्यांना नंबर सेव्ह करायला सांगते. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलला अशी मर्यादा नाही आणि तिथे कोणाचे नंबर उघडे पडत नाहीत, बायकांना ते बरं वाटतं. पण चॅनेलवर माणसं बोलत नाहीत, यादीतली बोलतात.

तिथलं दुखणंही सांगते. खाड्याच्या वहीचा माझा मजकूर मला आमच्याच नात्यातल्या ग्रुपवर फिरत आला, नाव काढलेलं, खाली "वाचा आणि पुढे पाठवा". आईच्या हातच्या रेघा, आणि त्यावरचं लेखन निनावी. मला फार लागलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून हक्क लेखकाचा असतो, नोंदणी करावी लागत नाही, आणि कलम ५७ लेखकाला आपलं नाव लागण्याचाही हक्क देतं. पण फॉरवर्ड करणाऱ्या मावशीवर कोणी दावा लावत नाही. मी त्या ग्रुपवर शांतपणे ब्लॉगची लिंक तारखेसकट टाकली. तेव्हापासून आईचं नाव, माझं नाव आणि चाळ मजकुराच्या पोटातच गुंफते. शेवटची ओळ कापली तरी तेवढं सोबत जातं.

कथा मात्र मी ब्लॉगवर टाकत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना अप्रकाशित साहित्य हवं असतं आणि ब्लॉगवर आलेलं बहुतेक जण प्रकाशितच धरतात. पुस्तकाची सलग प्रकरणंही देत नाही. वहीचं पान, एखादा बेत, ऐकलेली आठवण, अजून न सुटलेला प्रश्न, असं तिथे जातं. त्यावर लोक जे सांगतात त्यातून प्रकरण बनतं, आणि ज्यांनी सांगितलं त्यांची नावं, त्यांची हरकत नसेल तर, पुस्तकात येणार आहेत. हे पुस्तक निघेल तेव्हा ते कोणाकोणाला कळवायचं हे मला आज माहीत आहे. प्रकाशकालाही मी आकडा दिला नाही. दिवा, बदलापूर, कुडाळ, पाटण इथून आलेल्या प्रतिक्रियांची पानं छापून दिली, आणि त्यांनी ती बसून वाचली.

सध्या काळाचौकी आणि शिवडीकडच्या खाणावळींबद्दल माझ्याकडे जवळपास काहीच नाही. तुमच्या आईने, आजीने, आत्याने तिथे मेंबर जेवू घातले असतील, किंवा वडील तिथे जेवले असतील, तर खाली चाळीचं, गिरणीचं आणि गावाचं नाव तेवढं लिहा. पुढचं फोनवर बोलू. छापण्याआधी तुमची प्रत्येक ओळ मी तुम्हाला वाचून दाखवीन.