गाळलेला शब्द

कापूस वेचणीच्या दिवसांत आमचा साक्षरता वर्ग रात्री आठच्या आत भरत नाही. वेचणी, मग काट्यावर माप, मग घरची चूल, आणि त्यानंतर बाया शाळेत येतात. योजना 'उल्लास', पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, 2022 ते 2027. शिकवणारे आम्ही स्वयंसेवक, बिनपगारी.

लोकांना वाटतं अडचण अक्षरांची आहे. निम्मी अडचण चाळिशीची असते. जवळचं दिसत नाही म्हणून बाई म्हणते "मले जमत नाही", आणि आपण तिला बाराखडी घोटायला लावतो. मी नवीन बाईला आधी सुई ओवायला देते. ओवली नाही गेली तर पहिले चष्मा, मग अ-आ. वहीच्या आधी पाटी, कारण पाटीवरची चूक पदरानं पुसली की संपली. वहीतली चूक घरी नातू मोठ्यानं वाचतो. प्रशिक्षणात सांगतात, टाळ्या वाजवून प्रोत्साहन द्या. पन्नाशीच्या बाईसाठी टाळ्या वाजवून बघा, दुसऱ्या दिवशी ती येत नाही.

काकू नेहमी दाराशी बसायच्या. पाटीवर सगळं बरोबर, तोंडातून शब्द नाही. त्या आठवड्यात कुठं हळूहळू वाचायला लागल्या होत्या, तेवढ्यात तपासणीला साहेब आले. फळ्यावर वाक्य होतं: 'आमच्या गावात मारोतीचे देऊळ आहे.' साहेबांनी नेमकं काकूंनाच उठवलं.

काकूंनी वाचलं, "आमच्या गावात..." थांबल्या. पदर सावरला. "...चे देऊळ आहे."

साहेब म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेच. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी कागदावर लिहिलं: अडखळते.

हजेरी मी पूर्ण नावानं घेते, त्यामुळे मला लगेच कळलं. काकूंच्या नवऱ्याचं नाव मारोती. लग्न झाल्यापासून त्यांनी ते उच्चारलेलं नाही. देवळाला त्या 'पारावरचा देव' म्हणतात. मी म्हटलं, "सर, शब्द वाचता आल्याशिवाय तो एवढा नेमका गाळता येतो का? 'चे'सुद्धा सोडला नाही त्यांनी." साहेब म्हणाले, "मॅडम, मी जे ऐकलं ते लिहिलं." पुढच्या गावाला जायची घाई होती. यांना कायम असते.

गाडी गेली आणि वर्ग असा काही सुटला की बस. एकीचा नवरा गणपत, ती गणपतीला 'मोदकवाला' म्हणते. एकीच्या सासऱ्याचं नाव सोमा, म्हणून तिचा सोमवार म्हणजे 'आइतवाराच्या दुसऱ्या दिवशी'. एरवी 'हो मॅडम'च्या पुढे न जाणाऱ्या बाया एकमेकींना थांबवून बोलत होत्या. धाकट्या सुनेला हे पटेना. ती फोनवर नवऱ्याला नावानंच हाक मारते. "नाव घेतलं तर काय होते वं?" यावर जे भांडण जुंपलं त्यात काकूंचा आवाज सगळ्यात मोठा. महिनोन्‌महिने मी ज्या आवाजाची वाट पाहत होते तो मला अशा विषयावर मिळाला, जो माझ्या कुठल्याच पाठात नव्हता.

त्यात गंमत अशी की, काकू सही करताना मधलं नाव म्हणून 'मारोती' रोज लिहितात. हाताला बंदी नाही, जिभेला आहे.

चाचणी 150 गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. राज्यात ती पहिल्यांदा 17 मार्च 2024 ला झाली. सगळं कागदावर, म्हणजे काकू पास होतील, मला चिंता नाही. पण त्या रात्री वर्गात जे झालं त्याला गुण नाहीत, आणि साहेबांच्या कागदावरचं 'अडखळते' तसंच आहे.

ते वाक्य फळ्यावरून काढायचं की ठेवायचं, माझं अजून ठरलेलं नाही. काढलं तर धाकट्या सुनेला वाटेल काकू जिंकल्या, ठेवलं तर काकूंना वाटेल मी सुनेच्या बाजूची. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या न मॅडम. साहेब पुन्हा आला त लिवून दाखवीन. त्याले वाचता येते न?"