एपिसोड १४४, सीझन दुसरा

चौदा महिने बंद पडलेला पॉडकास्ट पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा माइकच्या आधी मी वही काढली आणि जुने एपिसोड ऐकायला बसले. आकाशनिरीक्षणाचे १४३ एपिसोड, २०१७पासूनचे. त्यातले चाळीसेक नीट ऐकले. तिसऱ्या दिवशी वही चाळली, तर पानापानावर एकच प्रश्न होता: बघायचं कधी?

२१ डिसेंबर २०२०च्या गुरू-शनी युतीचा एपिसोड घ्या. दोन्ही ग्रह एकमेकांपासून जेमतेम ०.१ अंशावर आले होते, इतके जवळ ते त्याआधी १६२३ साली आले होते. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी ५२ मिनिटं बोललो, मनापासून बोललो. पण पश्चिमेला कुठे बघायचं हे सांगेपर्यंत अडतिसावं मिनिट उजाडलं. संध्याकाळी लवकर मावळणारे ग्रह! आमचं ऐकत बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातून ते निसटलेच असणार. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं.

अंधारात डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइलच्या पांढऱ्या उजेडाकडे एकदा पाहिलं की ती मेहनत पाण्यात. तारकानकाशाचं अ‍ॅप, व्हिडिओ, पुस्तक, सगळ्यांना उजेड लागतो. आवाजाला लागत नाही. डोळे आकाशात आणि कान आमच्याकडे, हे फक्त ऑडिओलाच जमतं. सहा वर्षं ही ताकद हातात असून आम्ही घरात बसून ऐकायचा कार्यक्रम करत होतो. मला नव्याने काही करायचं असेल तर ते हेच.

म्हणून आता एपिसोड बारा मिनिटांचा, आणि तो बाहेर उभं राहून ऐकायचा. सुरुवातीचं चाळीस सेकंदांचं संगीत काढलं. एपिसोड सुरू करा, फोन खिशात ठेवा, उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षींच्या चौकोनाच्या बाहेरच्या बाजूचे दोन तारे, पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे जा, तिथे ध्रुवतारा. हे ऐकून समजतं, पण अंधारात ‘पाचपट’ मोजणार कसं? त्यामुळे आता मी मुठी वापरते. हात ताठ पसरून धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते. क्रतूपासून ध्रुवापर्यंत जवळजवळ तीन मुठी. प्रत्येक वाक्य मी आधी स्वतः बाहेर जाऊन हात पसरून तपासते आणि मगच रेकॉर्ड करते.

शोधायला वेळ द्यायचा तर मध्ये शांतता हवी. पहिल्या चाचणीत मी वीस-वीस सेकंद कोरे सोडले आणि फोनवर ऐकलं, तर शांतता गायब! माझ्या अ‍ॅपमध्ये मोकळ्या जागा आपोआप गाळायची सोय चालू होती. बरेच श्रोते ती चालू ठेवतात. मग रात्री बाहेर माइक ठेवून रातकिड्यांचा आवाज टिपला आणि त्या जागांखाली पसरला. आता त्या गाळल्या जात नाहीत, आणि मला तर त्या एपिसोडचा सर्वात सुंदर भाग वाटतात. फक्त दीडपट वेगाने ऐकू नका, एवढी विनंती मी सुरुवातीलाच करते.

नवं फीड, म्हणजे ज्या पत्त्यावरून अ‍ॅप नवे एपिसोड आणतं ती यादी, काढावं का, यावर मी खूप दिवस अडले होते. नवं नाव, नवं चित्र, एपिसोड पहिला, मोह होतोच. पण ज्यांनी आम्हाला कधीतरी सबस्क्राइब केलं, ते त्या जुन्या फीडच्या पत्त्यावर अजून आहेत. चौदा महिने तिथे काही आलं नाही, तरी त्यांच्या फोनमधलं अ‍ॅप तो पत्ता तपासत राहिलं. त्यांना सोडून पुढे जाणं मला जमेना. होस्टिंग, म्हणजे फाइली ठेवायची सेवा, मात्र बदललं आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावलं. जो कोणी हे करेल त्याने प्रत्येक एपिसोडचा ओळखक्रमांक, जीयूआयडी, जुनाच राहतोय ना हे आधी पाहावं. पूर्वी एकदा हलवताना तो बदलला होता आणि साठ जुने एपिसोड लोकांच्या फोनवर नवे म्हणून येऊन पडले होते.

बाकी तांत्रिक बदल थोडे. एकच आवाज असल्यामुळे मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आवाज, ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. बारा मिनिटांची फाइल सहा एमबीच्या आत बसते. आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक).

एकच आवाज, कारण मैत्रिणीच्या कामाच्या वेळा बदलल्या आणि ती आता नसेल. तिचं हसू जुन्या एपिसोडांत आहे, म्हणून ‘या महिन्याचं आकाश’सारखे कालबाह्य भागही मी काढले नाहीत. ते पहिला सीझन म्हणून तसेच राहतील. नव्या एपिसोडची पहिली प्रत मी तिलाच पाठवली. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. ती बाहेर उभी होती, मूठ पसरून, आणि म्हणाली, ‘ध्रुव सापडला, पण तुझी तिसरी मूठ जरा घाईत येते.’

ती जागा मी पुन्हा रेकॉर्ड केली. पाच सेकंद रातकिडे वाढवले.