खांद्यातून काढलेला तुकडा

गुरुवार, रात्री साडेअकरा

आप्पा आत्ता कुठे झोपलेत. डावा हात उशीवर. तसा ठेवला की ठणका जरा कमी असतो.

४ महिने आम्ही या खांद्याला फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, म्हणत होतो. शेक, मलम, भिंतीवरून बोटं वर चढवायचा व्यायाम. सत्तरीचा माणूस, रात्रीचा ठणका, ६ किलो वजन उतरलेलं. तरी एक्स-रे काढा असं कुणी म्हणालं नाही आणि मीही मागितला नाही. हे दुसरं जास्त टोचतं. शेवटी काढला, तर दंडाचं हाड वरच्या टोकाला वाळवीनं खाल्ल्यासारखं.

मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी. डाव्या किडनीत ९ सेंटिमीटरची गाठ, दोन्ही फुप्फुसांत वाटाण्याएवढे गोळे. लघवीतून कधी रक्त गेलं नाही, कंबर दुखली नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.०! तो आकडा बघून आम्ही वर्षभर निर्धास्त होतो. रक्त नीट गाळलं जातंय का, एवढंच त्यातून कळतं. आत काय वाढतंय ते नाही. शिवाय एक बिघडली तरी दुसरी किडनी गपगुमान काम ओढत राहते. पेट स्कॅन का नको, विचारलं. त्यात टोचतात ती किरणोत्सारी साखर लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणून किडनी तशीही चमकते, डॉक्टर म्हणाले.

आज बायोप्सीचा रिपोर्ट आला. तुकडा खांद्यातून घेतलेला, पेशी किडनीच्या. क्लिअर सेल, किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार.

"मंजी हाडाचा कॅन्सर न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा, किडनीचाच. हाडात जाऊन बसलाय."

आप्पांनी तीस वर्षं सेलमला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, दुकान चालवलं. विट्याकडची निम्मी माणसं त्याच धंद्यात. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मंजी फोटूवर नुसता कस लावला, आन् आता आटवून बघितलं." मी सकाळपासून शब्द शोधत होते, त्यांनी दोन वाक्यांत उरकलं.

उपचार ठरवण्याआधी डॉक्टरांनी कागदावर सहा गोष्टी लिहिल्या: निदान होऊन वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागतंय का, माणूस हिंडता-फिरता आहे का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्लेटलेट्स. आप्पांच्या दोन बाजू पडत्या. औषध लगेच लागणार, आणि हिमोग्लोबिन ९.२. कॅल्शियम काठावर, पण आत. म्हणजे धोक्याच्या तीन गटांतला मधला. तीन असत्या तर शेवटचा. कधी नव्हे ते रक्ताच्या रिपोर्टातल्या एका आकड्याला मी मनोमन हात जोडले.

किडनी काढून टाका की एकदाची, असं काकांचं फोनवर चाललंय. पसरल्यावर आधी ऑपरेशन करायचंच असं आता राहिलेलं नाही, हे त्यांना पटवायला रविवार लागेल.

झोपायच्या आधी आप्पांनी हाक मारली.

"अगं, तपासून उरलेला तुकडा माघारी देत्यात का? आम्ही गिऱ्हाइकाला देत हुतो."

देतात. मेणात बसवलेला असतो, ब्लॉक म्हणतात त्याला. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तोच न्यावा लागतो. उद्या ११ वाजता लॅबमध्ये अर्ज द्यायचाय. सोबत आप्पांचं आधार कार्ड आणि मूळ पावती.