स्वतःचा अर्धपुतळा: आधी कातडीचा रंग, मग नाकडोळे

पांढरी स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजायची माती) भाजली की फिकट, गोरीच निघते. सावळ्या माणसाने तिच्यात स्वतःला घडवलं, तर नाकडोळे तंतोतंत जमूनही पुतळा परक्याचा वाटतो. वरून रंग फासणं मला पटत नाही. वर्ण मातीतच हवा. म्हणून मी सुक्या मातीच्या वजनाच्या २ ते ५ टक्के लाल आयर्न ऑक्साइड (लोखंडाच्या गंजासारखी पूड) तिच्यात मळते. आधी प्रत्येक प्रमाणाची छोटी फरशी भाजून मनगटाशेजारी धरून बघते. फरशी आणि पुतळा एकाच तापमानाला भाजायचे, कारण ११०० अंशांना तांबूस दिसणारं मिश्रण १२२० ला चॉकलेटी होतं. धारावीच्या कुंभारवाड्यात वापरतात तसली लाल माती हजार अंशांच्या आतबाहेर फार सुंदर रंग देते. १२०० वर मात्र ती फुगते, वाकते.

आरशात बघून काम केलं की नथ, तीळ, भांग उलट्या बाजूला जातात. त्यापेक्षा समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून काढलेले फोटो वापरावेत. माती एकूण १०-१२ टक्के आटते, त्यामुळे ३० सेंटिमीटरचं डोकं हवं असेल तर ३४ चं घडवावं.

शाडूचा गणपती भाजायचा नसतो, म्हणून तो भरीव चालतो. हा पुतळा भाजायचा, म्हणून आतून पोकळ आणि भिंत १ ते दीड सेंटिमीटरच हवी. २०-२५ टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घातलेल्या मातीच्या वळ्या रचत जायचं आणि मान घट्ट झाल्याशिवाय डोकं चढवायचं नाही, नाहीतर ती खचते. गालाची हाडं आतून बोटाने बाहेर ढकलावीत. वरून थापलेल्या गालात हाड जाणवत नाही. कान जोडताना दोन्हीकडचा ओलावा सारखा लागतो. ओला कान जास्त आटतो आणि सांध्यावर तडकतो. चेहरा जुळला तरी ओळख पटते ती मानेच्या कलावरून, खांद्याच्या उतारावरून. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली सिंधमधल्या मीरपूर खासची कमळ धरलेली टेराकोटा मूर्ती यासाठी निवांत बघावी: उभं राहण्याची ढब, केस, वस्त्राच्या चुण्या.

जुलैत मुंबईत पुतळा वरून सुका वाटतो, पण हनुवटीच्या जाड भागात पाणी उरतं. शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि जबडा फुटतो. म्हणून भट्टी रात्रभर ८०-९० अंशांवर, झरोका उघडा ठेवून चालवते. झरोक्यापुढे धरलेल्या आरशावर वाफ धरायची थांबली, की ६०० पर्यंत तासाला ६०-७० अंश. मध्ये ५७३ ला मातीतलं खनिज क्वार्ट्‌झ एकदम प्रसरण पावतं; तिथे घाई केली तर बारीक तडे जातात. पहिली भाजणी १००० अंशांपर्यंत; शेवटची, फरशी भाजली त्याच तापमानाला.

चकचकीत ग्लेझ (काचेसारखा लेप) पापण्यांच्या रेषा बुजवतं, ते टाळावं. आयर्न ऑक्साइडचं पातळ पाणी लावून ओल्या स्पंजने पुसलं की ते खाचांतच राहतं. केसांच्या काळ्या रंगासाठी मँगनीज घ्यायचं असेल तर कालवताना धूळरोधक मास्क लावावा आणि भाजताना खोलीची हवा बाहेर खेचणारा पंखा चालू ठेवावा.