निळ्या केळ्याच्या नादात सावदा-रावेर

गेल्या उन्हाळ्यात मी ऑनलाइन 'निळ्या केळ्याचं बी' मागवलं. साडेतीनशे रुपयांत दहा काळे दाणे आले, आणि पाकिटावर शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी निळीशार केळी. दोन महिने कुंडीला पाणी घातलं, उगवलं ते तण. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या मामांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसत सुटले की शेवटी मामींनी फोन हातात घेतला. मागून मामांचा आवाज येतच होता, "केळीला कुठं बी असतं का? तिला म्हणा ये इकडं, दाखवतो केळी."

मामांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं होतं, पुरतं नाही. ते पुढे येईलच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले. सकाळी भुसावळ, तिथून फैजपूर-सावद्याची एसटी. सावदा नावाचं रेल्वे स्टेशन आहे आणि दिल्लीकडे जाणारी केळी तिथून वॅगनने भरून जाते, पण ते गावापासून लांब आहे आणि गाड्याही मोजक्याच थांबतात. त्यामुळे भुसावळला उतरलेलं बरं. बसमध्ये डावीउजवी असा हट्ट करू नका. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी.

आणि हीच पहिली निराशा. मैलोन्‌मैल एकच झाड. पूर्वी इथे बसराई, श्रीमंती अशा जाती होत्या, आता टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, ग्रँड नैन. या सगळ्या कॅव्हेंडिश कुळातल्या, एकमेकींच्या बहिणी. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हिरव्या समुद्राला. रंगीत, वेगळी केळ बघायची तर या बागांमध्ये शिरून उपयोग नाही. ती सापडते विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोरीचं पाणी जातं त्या परसात, नाहीतर एखाद्या हौशी म्हाताऱ्याच्या बांधावर. म्हणून जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला, "बाग बघायचीय" असं विचारू नका. "घरच्यासाठी लावलेली केळ आहे का कुणाकडे?" असं विचारा.

तरी मामांनी आधी स्वतःची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली बाग) दाखवलीच, आणि तिथे माझी दोनदा फजिती झाली.

पहिली फजिती बांधावर ठेवलेल्या रोपांपाशी. नांग्या (मेलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा) भरायला आणलेली टिश्यू कल्चरची पिशवीतली रोपं होती, पानांवर झकास तपकिरी-लालसर ठिपके. मी ओरडलेच, "मामा, ही लाल पानांची जात!" मामांनी नुसतं बोट दाखवलं. शेजारी कमरेएवढी वाढलेली तीच रोपं होती, पानं साफ हिरवी. कॅव्हेंडिशच्या लहान रोपांना असे डाग असतातच, झाड वाढलं की नव्या पानांवर ते येत नाहीत. शोभेच्या केळींमध्ये लाल डागांच्या पानांची जात खरोखर आहे, मुसा अक्युमिनाटा या रानटी केळीचा झेब्रिना हा प्रकार. पण तिचे पट्टे झाड मोठं झाल्यावरही टिकतात. तेव्हा नर्सरीत वीतभर रोपावरचे ठिपके दाखवून कुणी जास्त पैसे मागितले, तर त्याच रोपाचं मोठं झाड दाखवा म्हणायचं.

दुसरी फजिती जास्त लागली. बागेच्या कडेला एका झाडाच्या पानांवर पिवळट-पांढऱ्या रेघा होत्या, शिरांना समांतर, अगदी रेखीव. हवाई बेटांवर 'आए आए' नावाची केळ असते, पान आणि कच्चं फळ दोन्ही हिरवं-पांढरं. हौशी लोक तिच्या एका पिलासाठी, म्हणजे कंदातून फुटणाऱ्या रोपासाठी, भरमसाट पैसे मोजतात. माझ्या डोळ्यांसमोर तीच. मी फोटो काढत होते तोवर मामा विळा घेऊन आले.

"सीएमव्ही आहे हा. काढून टाकावं लागेल झाड."

कुकुंबर मोझॅक व्हायरस. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना या तीन अक्षरांची ओळख करून द्यावी लागत नाही. लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, पावसाळी ढगाळ हवेत तो जोर करतो, मावा त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतो, आणि काकडीवर्गातल्या वेलांवरही तो राहतो. औषधाने बरा होत नाही. झाड उपटायचं आणि पुरायचं किंवा जाळायचं, एवढंच हातात. मामांनी ते तिथल्या तिथे काढलं. "पुण्याचे लोक अशा पानाला पैसे देतात?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. खऱ्या चित्रविचित्र पानात पांढरा भाग स्वच्छ, मोठ्या पट्ट्यांचा असतो, देठावर आणि खोडावरही उतरतो, आणि झाड एरवी निरोगी दिसतं. रोगात रेघा बारीक आणि तुटक असतात, पान कडेने वेडंवाकडं होतं, कधी पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. खात्री नसेल तर झाडाला हात लावून दुसऱ्या झाडापाशी जाऊ नका, आणि फोटोसाठी पान तर मुळीच कापू नका. कोयता एका झाडाचा रस दुसऱ्या झाडाला नेतो.

दुपारी मामींकडे शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. आजूबाजूला एवढी केळी, पण ताटात केळफुलाची भाजी नाही. घड पूर्ण निसवला, म्हणजे बाहेर पडला, की केळफूल मोडून टाकतात, ते बांधावर वाळत पडतं. मी कोकणातल्या सासरची कौतुकं सांगायला लागले तेव्हा मामी म्हणाल्या, "तुम्ही सोलत बसा बाई, आम्हाला कापणीची माणसं जेवू घालायची असतात."

संध्याकाळी खरी गोष्ट दिसली. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीपाशी लाल केळ होती. खोड लालसर जांभळं, पानाचा देठ लाल, घडही गर्द तांबडा-तपकिरी. वीस पावलांवरूनही चुकणार नाही असं झाड. ही शुद्ध अक्युमिनाटा वंशाची, म्हणजे एएए (ही अक्षरं पुढे उलगडतील), त्या अर्थाने ग्रँड नैनचीच लांबची नातलग. तिला तयार व्हायला मात्र कॅव्हेंडिशपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून व्यापारी पिकात ती इथे टिकत नाही. पिकताना गर्द रंग उजळून नारिंगीकडे येतो. तोवर थांबायचं, नाहीतर तोंडाला चीक लागतो. आम्हाला मिळालेलं पिकलेलं होतं, गर मलईच्या रंगाचा, किंचित केशरी झाक, वास छान. चव? गोड आहे, पण 'रंगामुळे काहीतरी अद्भुत' अशी अपेक्षा ठेवू नका.

केळीच्या त्या बेटात एक गंमत होती. पाच-सहा पिलांपैकी एकाचं खोड स्वच्छ हिरवं. मालक आजोबांना वाटायचं की शेजारचं साधं पिल तिथे घुसलं. आम्ही माती सारून पाहिलं, ते लाल केळीच्याच कंदातून निघालं होतं. लाल केळीची ही जुनी खोड आहे. तिच्यातून अधूनमधून हिरवं पिल निघतं, आणि त्याला येणारी केळी आकाराने, चवीने तशीच पण हिरवी, पिकल्यावर पिवळी. म्हणजे लाल केळीचं पिल घेताना खोडाचा रंग बघूनच घ्या, आईचा घड बघून नव्हे.

याच्या उलट नावाचा घोटाळा आहे लाल वेलचीचा. तिचं फळ पिवळंच पिकतं, तांबूस झाक दिसते ती पानाच्या मधल्या शिरेला, तीही कोवळ्या झाडात जास्त. दक्षिणेत हिला पूवन म्हणतात. 'लाल' वाचून मागवाल आणि रुसाल.

दुसऱ्या दिवशी रावेरच्या वाटेवर एका परसात मला माझं निळं केळं भेटलं, असं क्षणभर वाटलं. भाजीच्या केळीचं झाड, घड अर्धवट भरलेला, आणि कच्च्या केळ्यांवर राखाडी-रुपेरी लव. सकाळच्या उन्हात खरंच निळसर. अंगठ्याने घासलं तर खाली साधा हिरवा. ते मेण असतं. इंटरनेटवरची प्रसिद्ध ब्लू जावा हीसुद्धा अशीच, कच्ची असताना मेणामुळे निळसर रुपेरी आणि पिकली की फिकट पिवळी. पाकिटावरचा तो शाईचा रंग कॉम्प्युटरवर चढवलेला.

मग हीच ब्लू जावा का? तेवढ्यावरून म्हणता येत नाही. तमिळनाडूत सांबल मोंथन नावाची भाजीची केळ आहे, सांबल म्हणजे राख. मेणाचा थर बऱ्याच जातींना असतो. इथे रंग सोडून द्यायचा आणि झाडाचं अंग बघायचं. आपली खायची केळी बहुतेक दोन रानटी केळींच्या वंशातली, मुसा अक्युमिनाटा (ए) आणि मुसा बालबिसियाना (बी). १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १५ लक्षणांची यादी केली, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण १५ आले तर निव्वळ ए, ७५ आले तर निव्वळ बी, बाकीच्या मधल्या.

पंधराही लक्षणं परसात उभं राहून जमत नाहीत, मी चारांवर भागवते. खोडावर काळे-तपकिरी डाग भरपूर असतील तर ए, खोड जवळजवळ साफ असेल तर बी. पानाच्या देठाची पन्हळ वरून उघडी, कडा पसरलेल्या असतील तर ए, कडा आत वळून पन्हळ मिटत आली असेल तर बी. घडाच्या दांड्यावर बारीक लव असेल तर ए, गुळगुळीत असेल तर बी. आणि केळफुलाचं तांबडं पान उघडल्यावर मागे गुंडाळी करून वळत असेल तर ए, नुसतंच वर उचलून ताठ राहत असेल आणि आतून भडक किरमिजी असेल तर बी. या झाडाची पन्हळ मिटलेली, खोड साफ, फुलाचं पान ताठ. बी वंश भरपूर आहे, बहुधा एबीबी (एक वाटा ए, दोन वाटे बी), एवढं मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. घरातल्या वहिनींना नाव विचारलं तर म्हणाल्या, "भाजीची केळ. अजून काय नाव?"

म्हणूनच फोटो काढताना फक्त घडाचा काढू नका. खोड, देठाचा आडवा छेद (वाळून लोंबणाऱ्या पानाचा चालतो, मालकाला विचारून), केळफुलाचं एक पान आतून-बाहेरून, आणि एक केळं देठासकट. एवढं असेल तर जाणकार काहीतरी सांगू शकतो. चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, जुने कपडेच घाला. माझी एक ओढणी गेली.

परतताना रस्त्याकडेच्या एका नर्सरीत 'लाल केळी, बुटकी' अशी पाटी होती. झाड पुरुषभर उंच, घड खाली लोंबण्याऐवजी वर उभा, बोटभर केळी, मखमली गुलाबी. ही मुसा वेलुटिना, आसाम-अरुणाचलकडची. पिकली की साल आपोआप उलगडते, आत पांढरा गर आणि त्यात कडक काळं बी. मी एक फळ विकत घेऊन मामांच्या हातावर फोडलं. ते बराच वेळ दाणे निरखत राहिले. रानटी केळींना बी असतं, सह्याद्रीतल्या रानकेळीलाही असतं, आणि ती तर पिलं न देता बियांवरच वाढते. आपण खातो त्या केळीला ते नसतं. म्हणजे बियांच्या पाकिटावर खायच्या जातीचं नाव असेल तर पैसे वाचवा. अंगणात शोभेला मात्र गुलाबी केळ खुशाल लावा.

एक राहिलं. पुण्या-मुंबईत 'हिरव्या सालीची केळी' वेगळी जात म्हणून मागतात. मामांकडे घरात पिकलेली केळी हिरवटच होती, आतून मऊ आणि गोड. भुसावळच्या गाडीवरची त्याच बागांमधली केळी पिवळीधमक. कॅव्हेंडिश २४ अंशांच्या वर पिकली तर सालीतला हिरवा रंग पुरता जात नाही. १६-१८ अंशांच्या रायपनिंग चेंबरमध्ये पिकवली की ती पिवळी होते. जात एकच, खोली वेगळी. हिवाळ्यात उलटं होतं, थंडीचा चरका बसला की साल मळकट पडते. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत गेलात तर सालीच्या रंगावरून काहीच ठरवू नका.

जायचं कधी? गणपतीच्या आसपास केळफुलं आणि घड दोन्ही बघायला मिळतात, चिखलही मिळतो. मुक्काम भुसावळ किंवा जळगावला सोयीचा. जळगावला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे, तिथे आधी फोन करून, परवानगी घेऊनच जा. रस्त्यावर ताजे तळलेले केळीचे वेफर्स घ्या, मिरपुडीचे जास्त चांगले. पिलं मात्र तिथून मातीसकट उचलून आणू नका आणि इकडची तिकडे नेऊही नका. बिहार-उत्तर प्रदेशात पनामा मर या बुरशीच्या रोगाचा नवा प्रकार आला आहे, आणि तो माती आणि पिलांबरोबर पसरतो. बुटांचा चिखलसुद्धा धुऊन मग दुसऱ्या शेतात शिरा. मामा मला हे दोनदा बोलले.

विहिरीवरच्या आजोबांनी ते हिरवं पिल काढायचं ठरवलं होतं. मामांनी त्यांना थांबवलं आणि पिलाला सुतळी बांधून ठेवली. ते निसवेल तेव्हा फोन येणार आहे.