चाळीस मिलिसेकंद

आमच्या टीममधल्या एका मुलाने तीन महिने राबून जुनी सेवा, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, नव्या फ्रेमवर्कवर (तयार कोडच्या साच्यावर) लिहून काढली होती. ती खरंच वेगवान झाली का, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मोजणीत मी ढिलाई चालू देत नाही. लोड टाकणारं, म्हणजे रिक्वेस्टचा मारा करणारं, मशीन वेगळं, सर्व्हर वेगळा, मध्ये एकच स्विच आणि गिगाबिट केबल. प्रोसेसरचा गव्हर्नर (वेग ठरवणारं सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर, टर्बो बूस्ट (तात्पुरता जादा वेग) बंद. कारण मशीन तापलं की वेग उतरतो आणि सकाळचा आकडा दुपारी मिळत नाही. आधी 30 सेकंद वॉर्मअप, मग मिनिटामिनिटाच्या पाच फेऱ्या.

जुनी सेवा सेकंदाला साधारण 14 हजार रिक्वेस्ट घेत होती. नवी, 1,560. पाचही फेऱ्यांत तेच. आकडा हलत नाही म्हणजे मोजणी चोख, असं धरून मी संध्याकाळी रिपोर्ट पाठवला. त्या मुलाने तो वाचला, लॅपटॉप मिटला आणि काही न बोलता घरी गेला.

त्याचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. रात्री पुन्हा आकडे काढून बसले. 64 कनेक्शन, प्रत्येक उत्तराला 41 मिलिसेकंद. भागाकार केला तर 1,560च येतात. आणि सर्व्हरचा सीपीयू सात-आठ टक्क्यांवर! कामाने दमलेलं मशीन असं दिसत नाही. ते कशाची तरी वाट बघत होतं.

सकाळी कनेक्शन 128 केली. रिक्वेस्टही दुप्पट झाल्या. कर्ल या साध्या कमांडने एकच रिक्वेस्ट मारली तर उत्तर मिलिसेकंदात हजर. मग नेटवर्कवरची पॅकेट टिपणारा टीसीपीडंप लावला आणि पॅकेट एकेक करून बघितली.

उत्तर दोन तुकड्यांत जात होतं: आधी हेडर (उत्तराची माहिती), मग बॉडी (खरा मजकूर). हेडर गेलं की 40 मिलिसेकंद सामसूम, मग समोरून पोच (पॅकेट मिळाल्याची खूण), आणि त्या क्षणी बॉडी. जॉन नेगल यांनी 1984 साली मांडलेला नियम इथे चालू होता: आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत पुढचं छोटं पॅकेट धरून ठेवायचं. समोरच्या, म्हणजे लोड टाकणाऱ्या, मशीनचं लिनक्स मात्र पोच एकटी पाठवायला तयार नव्हतं. पुढच्या डेटासोबत जाईल म्हणून ते 40 मिलिसेकंद थांबत होतं. पण अर्धंच उत्तर हातात असताना ते पुढची रिक्वेस्ट पाठवणार कशी? दोन्ही बाजू एकमेकींसाठी खोळंबल्या होत्या. कनेक्शन नवं असताना लिनक्स पोच लगेच देतं, म्हणून कर्लला हे दिसलंच नाही. दर वेळी तेच कनेक्शन पुन्हा वापरणाऱ्या लोड टेस्टला दिसलं.

सॉकेटवर (कनेक्शनच्या सर्व्हरकडच्या टोकावर) नेगलचा नियम बंद करणारा टीसीपी-नोडिले हा पर्याय लावायचा राहिला होता. जुन्या फ्रेमवर्कमध्ये तो आधीपासून होता. म्हणजे मी दोन फ्रेमवर्क नव्हे, दोन सेटिंग मोजली होती. कनेक्शन न वाढवता तसूभरही न हलणारा आकडा हीच धोक्याची खूण होती, आणि मी तिलाच भरवसा मानलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

ती एक ओळ त्याच्याकडूनच टाकून घेतली. दोन्ही सेवा पुन्हा पाच-पाच फेऱ्या चालवल्या. नवीचा आकडा 19 हजारांच्या घरात गेला. दुपारी मी पहिला रिपोर्ट मागे घेतला, चूक माझी होती हे वरच लिहिलं, आणि पॅकेटची फाइल जोडून नवा तक्ता सगळ्यांना पाठवला.