मातृवंदनेचे तीन हजार आणि बँकेची खिडकी

गरोदर बाईला सरकारकडून पैसे देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा माझा अर्ज गावच्या आशाताईंनी (आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका) मोबाइलवर अर्ध्या तासात भरला. तीन हजारांचा पहिला हप्ता मात्र पाच महिन्यांनी हातात आला, आणि तो सगळा वेळ बँकेच्या एका खिडकीने खाल्ला. दर वेळी तेच ऐकायचं: "मॅडम, तुमचं आधार लिंक आहे." होतंच की! पण लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं, हे त्या खिडकीतून एकदाही कुणी बोललं नाही.

खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली की बँकेच्या नोंदीत आधार चढतं. ते केवायसीपुरतं. योजनेचे पैसे आधार क्रमांकावर सुटतात. ते कुठल्या बँकेत जायचे हे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे आधार आणि बँकेच्या यादीत, बघितलं जातं आणि तिथे एका आधारपुढे एकच बँक असते, सगळ्यात शेवटी जोडलेली. या यादीत बँक जोडणं म्हणजे सीडिंग. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी माहेरच्या गावी उघडलेलं खातं, सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं, यांपैकीच एखादं तिथे बसलेलं असतं. ते बंद पडलेलं असेल तर हप्ता परत जातो; चालू असेल तर पैसे तिथे जमा होतात आणि आपण दुसरंच पासबुक भरून आणत बसतो.

म्हणून बँकेत जायच्या आधी माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह, दोन्ही दिसतं. त्याची प्रिंट घेऊन जा, खिडकीवरची निम्मी वादावादी वाचते. (ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, तो नवऱ्याचा किंवा बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्र.) लाडकी बहीणचे 1500 येत असतील तर शोधायलाच नको, ते ज्या खात्यात येतात तेच सीडेड खातं.

बँकेत "आधार लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा फॉर्म द्या" म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). आधी दुसरी बँक जोडलेली असेल तर त्या फॉर्ममध्ये जुन्या बँकेचं नाव लिहून बदल मागावा लागतो. माझं घोडं तिथेच अडलं होतं. तो रकाना कोरा ठेवून फॉर्म दोनदा घेतला गेला आणि दोन्ही वेळा काहीच झालं नाही. पोच मागून घ्या, शिक्क्यासकट. आणि बँक बदलली की गॅसची सबसिडी, लाडकी बहीण, सगळंच नव्या खात्यात वळतं, हे घरात सांगून ठेवा. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं. नवऱ्याचं चालत नाही.

सीडिंग झालं म्हणजे अडकलेला हप्ता आपोआप येईल असं धरून बसू नका. आशाताईंना अर्जाची स्थिती पुन्हा बघायला सांगा.

बाकीचं सोपं आहे. पहिल्या बाळासाठी 5000: गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर 3000, बाळाची जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी पुऱ्या झाल्यावर 2000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6000 एकरकमी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, ई-श्रम कार्ड, जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड यांपैकी एक काहीतरी लागतं. सरकारी नोकरीत कायम असलेल्यांना योजना नाही. एमसीपी कार्डावर (दवाखान्यातून मिळणारं आई-बाळाचं कार्ड) शेवटच्या पाळीची तारीख आणि आरसीएच नंबर (सरकारी आरोग्य नोंदणीतला आपला नंबर) लिहिलाय ना, ते सिस्टरकडून तिथल्या तिथे बघून घ्या.

नावाचं राहिलंच. आधारवर माहेरचं, एमसीपी कार्डावर सासरचं, पासबुकावर तिसरंच, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईने बदलू नका. एमसीपी कार्ड नवं आहे, त्यावरच आधारमधलं नाव लिहून घेणं स्वस्त पडतं.

सातव्या महिन्यात माहेरी जाणार असाल तर अंगणवाडीताईंना आधीच सांगा. पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) आधार सासरच्या अंगणवाडीत चढलेलं असतं, मग माहेरच्या ताई नव्याने नाव घालायला गेल्या की अडतं. सासरच्या ताईंनी ती नोंद तिकडे पाठवायला हवी, म्हणजे टीएचआर (अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार) तिथे मिळतो. दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं धरून दिलेलं ते धान्य आहे. "पाकीट कोण खातंय" म्हणून सोडू नका.

बाळाच्या लसी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना असतात; तारीख चुकली तर दुसरा हप्ताही पुढे जातो. साडेतीनची लस टोचली की कार्डाच्या त्याच पानाचा फोटो सिस्टरच्या टेबलावरच काढून आशाताईंना पाठवून द्या. आणि दवाखान्यात जन्मनोंदीचा कागद भरतील तेव्हा आईचं नाव स्वतः सांगा, आधारवर आहे तसंच. तो कागद बहुतेक वेळा बाहेर बसलेल्या माणसांपैकी कुणीतरी भरून टाकतं.